जास्तीच्या ठोक्यांचा हिशेब मागा

(परभणी जिल्हा मेळाव्यातील भाषण)



"हृदय दुबळं झालंय" एवढं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातला कर्ता माणूस औत सोडतो, जमीन बटईनं देतो. आता जन्मभर असंच, हे घर धरून चालतं. आज आम्ही एकच गोष्ट सांगायला उभे आहोत. या दुबळेपणाचं एक कारण असं आहे की ते वेळेवर सापडलं तर हृदय पुन्हा जोर धरू शकतं. ते कारण म्हणजे जास्तीचे ठोके.

हृदय दिवसरात्रीत साधारण 1 लाख ठोके देतं. ठोक्याचा हुकूम वरच्या कप्प्यातून निघतो. कधी खालच्या कप्प्यातली एखादी जागा हुकमाची वाट न पाहता मधेच ठोका मारते. विहिरीत पाणी साचायच्या आत मोटार चालू केली तर मोटार तापते, पाटात पाणी येत नाही. तसाच हा कप्पा रक्तानं भरण्याआधीच आवळतो. वर त्याच्या भिंती एकदम ओढत नाहीत. जोडीतला एक बैल पुढं, एक मागं. यानंतरचा ठोका उशिरा आणि जोरात पडतो. छातीत धस्स होतं ते त्यामुळं.

असे थोडे ठोके पुष्कळांना पडतात. हृदय धड असेल तर त्यांची भीती नको. प्रश्न संख्येचा आहे. 2010 साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 174 रोग्यांचा हिशेब मांडला. शंभरात 24 पेक्षा जास्त ठोके असे असले तर दुबळेपणाचा धोका फार वाढतो, असं त्यांना दिसलं. शंभरात 10 च्या खाली या कारणानं दुबळं झालेलं हृदय त्यांना आढळलं नाही.

ही मोजणी साध्या ईसीजीत होत नाही. ती पट्टी काही सेकंदांची. मूठभर कापूस पाहून गाडीचा भाव ठरवण्यासारखंच ते. त्यासाठी 24 तास अंगावर बांधायचं होल्टर यंत्र लागतं. सोबत इको तपासणीत हृदयाचा जोर कळतो.

कारण हेच ठरलं तर गोळ्या आहेत. मांडीच्या शिरेतून बारीक तार नेऊन ती जागा जाळण्याचा उपायही मोठ्या शहरांत होतो. ठोके थांबले की पुष्कळांचं हृदय काही महिन्यांत सुधारतं. मात्र दुकानातून मनानं गोळी घेऊ नका. 1989 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, झटका येऊन गेलेल्या रोग्यांना असे ठोके दाबणाऱ्या गोळ्या दिल्या. ठोके कमी झाले, पण मृत्यू वाढले.

तेव्हा धाप लागत असेल, पाय सुजत असतील, कुणी 'हृदय दुबळं' म्हटलं असेल, तर डॉक्टरांना विचारा: जास्तीचे ठोके किती? होल्टर लावलं का? खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडं रेशनकार्ड घेऊन जा, हा उपचार यादीत बसतो का ते विचारा. शुद्ध हरपली, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी सुरू झाली तर ती विषबाधा समजा आणि औषधाचा डबा घेऊन तडक दवाखाना गाठा.

मापात मारलेला कापूस आपण सोडत नाही. छातीतल्या ठोक्यांचं मापही मागून घ्या.