गळ्यातला पट्टा आणि छातीवरचा साज



संत नामदेवांची एक कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कुत्र्याने कोरडी पोळी पळविली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी हाती घेऊन त्याच्यामागे धावत सुटले. त्या कथेत माणूस आणि कुत्रा यांच्यामध्ये दोरी नाही. आपण पडलो सामान्य माणसे. आपल्याला दोरीवाचून गत्यंतर नाही. वाहनांनी गजबजलेल्या रस्त्यावर, लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या वर्दळीतून, तीसचाळीस किलो वजनाचा बलिष्ठ प्राणी न्यावयाचा तर दोरी हवीच. प्रश्न एवढाच उरतो, की त्या दोरीचे दुसरे टोक कुत्र्याच्या अंगावर नेमके कोठे बांधावयाचे? गळ्याला की छातीला?

प्रश्न क्षुल्लक वाटतो. मलाही तो तसाच वाटत असे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या दिवसांत मी आमच्या मुधोळ जातीच्या कुत्र्याला घेऊन संध्याकाळी बाहेर पडलो होतो. अगदी जवळ एक फटाका फुटला. कुत्रा पुढे पळाला नाही. तो मान खाली घालून एकदम मागे सरला. क्षणार्धात पट्टा त्याच्या कानांवरून निसटला आणि माझ्या हातात दोरी व रिकामा पट्टा तेवढा राहिला. रात्रभर शोध केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत, रक्ताळलेल्या पायांनी, कोपऱ्यात बसलेला सापडला. तो वाहनाखाली आला नाही, हे आमचे नशीब; त्यात माझे कर्तृत्व काही नव्हते.

त्यानंतर मी जे केले ते बहुतेक जण करतील. मी पट्टा दोन भोके घट्ट केला. कुत्रा निसटेनासा झाला, पण फिरताना खोकू लागला. शेवटी पशुवैद्याकडे गेलो. त्यांनी कुत्र्याच्या गळ्यावर हलकेच दोन बोटे ठेवली आणि मला म्हणाले, “येथे काय काय आहे, याचा आपण कधी विचार केला आहे काय?” आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे, मला नंतर समजत गेलेले उत्तर आहे.

कुत्र्याच्या गळ्याच्या पुढच्या बाजूला, कातडीखाली अगदी उथळ, श्वासनलिका असते. तिला आधार देणारी कूर्चेची कडी पूर्ण वर्तुळाकार नसतात. ती मागच्या बाजूला उघडी असतात. तिच्या वरच्या टोकाला स्वरयंत्र, लगत कंठातील ग्रंथी, दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिणी आणि डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या नीला, आणि मागे मानेचे मणके. इतका नाजूक ऐवज ज्या अरुंद जागेत साठविलेला आहे, त्याच जागी आपण ओढीचा सारा भार टाकतो. थोडा हिशेब करून पाहा. समजा, कुत्रा वीस किलो वजनाइतक्या जोराने ओढतो आहे आणि पट्ट्याचा वीस चौरस सेंटिमीटर भाग गळ्यावर दाबला जात आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो भार झाला. हाच जोर छातीवरच्या रुंद पट्ट्यांनी शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरविला, तर तो दोनशे ग्रॅमवर येतो. आणि तोही हाडाच्या व स्नायूंच्या भक्कम भिंतीवर.

शास्त्रज्ञांनीही याकडे लक्ष दिले आहे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सव्वीस कुत्र्यांना प्रथम गळपट्ट्याने व मग छातीवरच्या साजाने ओढ देऊन त्यांच्या डोळ्यांतील दाब मोजण्यात आला. गळपट्ट्याने हा दाब वाढला. साजाने तसा वाढला नाही. ज्या कुत्र्यांना काचबिंदू आहे किंवा ज्यांची बुबुळे दुबळी आहेत, त्यांच्या बाबतीत याचे महत्त्व उघड आहे. पुढे २०२० मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्याच्या मानेची प्रतिकृती तयार केली आणि तिच्यावर सात प्रकारचे गळपट्टे व एक फासाची दोरी यांची परीक्षा घेतली. रुंद, मऊ, अस्तर लावलेले, असे पट्टे त्यांत होते. ओढ बसली असता इजेचा धोका मुळीच नाही, असा एकही पट्टा त्यांना आढळला नाही. तात्पर्य, दोष पट्ट्याच्या कातड्यात वा कापडात नाही. तो ओढ घेण्यासाठी निवडलेल्या जागेत आहे.

आपल्या शेतकऱ्याला हे शहाणपण सांगावे लागत नाही. बैलाचे जू वशिंडापुढे, मानेच्या वरच्या बाजूवर टेकते. गळ्याखालून जाणारे जोते जू निसटू नये एवढ्यापुरतेच असते, आणि ते आवळले गेले तर बैल घुसमटतो हे त्याला ठाऊक असते. टांग्याच्या घोड्यालाही गळ्यात फास घालून कोणी जुंपीत नाही. ज्या जनावरांकडून आपण ओढीचे काम घेतले, त्यांच्या अंगाचा आपण विचार केला. कुत्र्याकडून ओढ नको होती, म्हणून तिचा विचारच केला नाही, असे दिसते.

गळपट्टा निरुपयोगी आहे, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात. बिबट्या गळा धरतो, म्हणून. तेथे पट्टा हे चिलखत आहे. आपल्या शहरांतही धन्याचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला आणि लस टोचल्याची खूण गळपट्ट्यालाच शोभते. जो कुत्रा दोरी सैल ठेवून शांतपणे बाजूने चालतो, त्याला साधा रुंद गळपट्टा पुरतो. परंतु आवळत जाणारी साखळी आणि आतून काटे असलेला पट्टा, ही साधने मी दूर ठेवीन. त्यांचे सामर्थ्य वेदनेत आहे. आणि दुसरा कुत्रा दिसताच गळ्याला वेदना होते, असा अनुभव वारंवार आला, तर त्या वेदनेचा राग समोरच्या कुत्र्यावर निघू लागतो.

मग छातीवरचा साज, ज्याला बाजारात हार्नेस म्हणतात, तो घेतला की सारे निभावले काय? नाही. अलास्कातील बर्फावर घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर साजच असतो, कारण साजात कुत्र्याला छातीच्या बळाने, न गुदमरता, पूर्ण ताकदीने ओढता येते. पाठीवर कडी असलेला साज ओढणाऱ्या कुत्र्याला घातला, तर आपण त्याला आयतेच जुंपले, असे होते. ओढणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी कडी छातीच्या पुढच्या बाजूला असावी. त्याने पुढे जोर केला की दोरीचा ताण त्याची छाती बाजूला वळवितो आणि त्याचे तोंड आपल्याकडे फिरते. येथे त्याला दुखत नाही. केवळ त्याचा जोर सरळ रेषेत कामी येत नाही.

साजाच्या आकारालाही महत्त्व आहे. कुत्र्याला आपल्यासारखे कार्यक्षम गळ्याचे हाड नसते. त्याच्या खांद्याचे पाते धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले असते आणि प्रत्येक पावलागणिक ते पुढेमागे सरकते. छातीवरून आडवा जाणारा पट्टा या हालचालीच्या वाटेत येतो. म्हणून पुढून पाहिले असता इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा, छातीच्या मधल्या हाडावर टेकणारा साज निवडावा. तथापि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खांदे मोकळे ठेवणाऱ्या म्हणविल्या जाणाऱ्या साजानेही पाऊल काहीसे आखडते, असे दिसून आले. यावरून साज फिरण्यापुरता घालावा आणि घरी येताच काढावा, एवढा धडा तरी निश्चित घ्यावा. आपल्या दमट पावसाळ्यात ओला साज तसाच राहिला तर कातडी सोलवटते; शिवाय पट्ट्याखाली गोचिडांना आसरा मिळतो तो निराळाच.

माप घेताना छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागे, सर्वांत रुंद जागी मोजावा. पट्टा कोपराच्या सांध्यापासून काही बोटे मागे असावा, म्हणजे काखेत घासत नाही. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटे सपाट जावीत. अधिक नकोत, कमी नकोत. वाढत्या वयाच्या पिल्लाचे माप दर पंधरवड्याला पुन्हा पाहावे.

आता देशी जातींविषयी. मुधोळ किंवा कारवानी, रामपूर आणि राजपालयम या आपल्या शिकारी कुत्र्यांचे डोके अरुंद आणि मान जाड असते. त्यामुळे साधा गळपट्टा कानांवरून सहज निसटतो. माझा अनुभव याच घडणीचा होता. त्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असल्याने साधा साजही मागे सरकून निघू शकतो. त्यांच्यासाठी बरगड्यांच्या मागे, कमरेजवळ आणखी एक पट्टा असलेला साज उत्तम. डॉबरमन आणि ग्रेट डेन या जातींत मानेच्या मणक्यांचा विकार अधिक आढळतो. त्यांच्या गळ्याला तर ओढीपासून दूरच ठेवावे. मुसक्यासारखी डोक्यावर घालावयाची मोहरकीही मिळते. तिने मोठा कुत्रा अशक्त माणसालाही वळविता येतो. पण ती हळूहळू सवयीची करावी लागते आणि तिला हिसका कधीही देऊ नये, कारण तो थेट मानेला बसतो.

माझा स्वतःचा निर्णय सांगतो. दोन टोकांना दोन कड्या असलेली दोरी मी वापरतो. एक कडी साजाला, दुसरी गळपट्ट्याला. ओढ नेहमी साजावर असते. गळपट्ट्याकडची बाजू सैल राहते आणि साज निसटलाच तरच ती कामास येते. दोरी दीड ते दोन मीटरची, आणि मनगटाला किंवा बोटांना न गुंडाळलेली. गुंडाळलेल्या दोरीने बोटे मोडतात आणि माणूस फरफटत जातो. आपोआप लांब होणारी बारीक दोरी मोठ्या कुत्र्यासाठी मुळीच नको.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. दोरी ताणली गेली की थांबावे. सैल झाली की चालावे. ओढून पुढे जाता येत नाही, हे कुत्र्याला समजण्यास काही आठवडे लागतात, पण समजते. तोवर साज आपली आणि त्याची हाडे सांभाळतो. साज हा शिक्षणाला सोबती आहे, शिक्षणाऐवजी नव्हे.

कायद्याचेही दोन शब्द सांगावयास हवेत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाप्रमाणे जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने, अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणाऱ्याला शिक्षा सांगते. म्हणजे कुत्र्याची काळजी आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची काळजी, ही दोन्ही कर्तव्ये एकाच दोरीत गुंफलेली आहेत.

आमचा कुत्रा आता वृद्ध झाला आहे. दिवाळी आली की फटाके सुरू होण्यापूर्वीच आम्ही फिरून येतो. साज दिसला की तो आपण होऊन डोके पुढे करतो. त्याचा तो विश्वास सांभाळणे मला जड वाटत नाही. एकदा रिकामा पट्टा हाती धरून रात्रभर हिंडल्यानंतर ते जड वाटण्याचे कारणही उरलेले नाही.