आपला संडास आपण घासावा



मुख्याध्यापक सरांनी फोनवर मला विषय दिला, 'पर्यावरण आणि अध्यात्म'. वेळ दिली पंधरा मिनिटं. या दोन्हींवर बोलणारी माणसं घड्याळ बघत नाहीत, हे सरांना चांगलं ठाऊक असावं. म्हणून तर त्यांनी माझ्या मागोमाग बक्षीस समारंभ लावून ठेवलाय. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माझी ओळख 'पर्यावरणतज्ज्ञ' अशी करून दिली. ऐकायला गोड वाटलं. पण बाळा, मी कचऱ्याची इंजिनीअर. नगरपरिषदांच्या घनकचरा प्रकल्पांवर माझी सगळी नोकरी झाली. लग्नात कुणी विचारलं 'काय करता?' आणि मी खरं सांगितलं, की समोरचा माणूस आपलं ताट घेऊन जरा पलीकडे सरकायचा.

या शाळेत आता फरशी आहे. मी शिकले तेव्हा त्या टोकाच्या वर्गांत मातीची जमीन होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सारवायची पाळी ज्यांची असेल त्या मुली थांबायच्या. मुलग्यांनी विहिरीवरून पाणी आणायचं. ते भरलेली कळशी घेऊन निघायचे आणि निम्मं पाणी एकमेकांच्या अंगावर संपवून यायचे. त्यातला एक आज संस्थेचा सचिव म्हणून पहिल्या रांगेत बसलाय आणि माझ्याकडे फार गंभीर चेहऱ्यानं बघतोय. घाबरू नको, नाव घेत नाही.

आमच्या बाई सारवण जितकं बारकाईनं तपासायच्या तितकं गणितही तपासायच्या नाहीत. एकदा एका मुलीनं शेणात हात घालताना तोंड वाकडं केलं. बाई पदर खोचून तिच्या शेजारी बसल्या, स्वतः शेणाचा गोळा उचलला आणि म्हणाल्या, "कित्याक नाक मुरडतंस गो? धुतलंस काय जातला." इंजिनीअरिंगच्या कॉलेजात मला सांडपाणी शिकवलं, गाळ शिकवला, जंतू शिकवले. पण कचऱ्याच्या ढिगावर उभं राहायचं धैर्य त्या सारवणातून आलं. फक्त बाई, तुम्ही समोर आहात म्हणून विचारते, मुलग्यांना का नाही हो कधी सारवायला बसवलंत?

आता अध्यात्म. आपण कणकवली तालुक्यातली माणसं. गोपुरी आश्रमावरून तुमची एसटी जाते. तो कुणी काढला, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा बघू. शिक्षकांनी नको, मुलांनी. ठीक आहे, सांगते.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन. १८९४ चा जन्म. तत्त्वज्ञान शिकलेला, प्राध्यापकी केलेला माणूस. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणली ती यांनीच. कोकणचे गांधी म्हणतात त्यांना. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी काय मागितलं असेल? चांगलं जेवण? पुस्तकं? त्यांनी भंगीकाम मागितलं. त्या काळी तुरुंगातही ते काम जात बघून दिलं जाई. ते अप्पासाहेबांना नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी अन्न सोडलं. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात पोचली आणि गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण सुरू केलं. संडास साफ करायला मिळावा म्हणून उपास! आपल्या घरात तो साफ करायला लागू नये म्हणून किती युक्त्या चालतात, ते आठवा.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली गोपुरी उभी राहिली. मैल्यावर माती आणि पाला टाकून त्याचं सोनखत करायचं, म्हणजे कुणाच्या डोक्यावर मैल्याची पाटी चढणार नाही आणि शेतालाही खत मिळेल, असा त्यांचा हिशेब. मेलेली गुरं फाडण्याचं, कातड्याचं कामही तिथे हातानं केलं. हे सगळं बाकीच्यांनी काही जातींवर ढकललं होतं आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरवलं होतं. हातानं मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा कायदा व्हायला या देशात १९९३ साल उजाडलं, आणि २०१३ साली तो पुन्हा नव्यानं करावा लागला. जे माणसाच्या मनातून जात नाही ते एका कायद्यानं कुठून जाणार?

म्हणून मुलांनो, मला तुम्हाला एकच सांगायचंय. आपला संडास आपण घासावा.

हसा. हसून झालं की ऐका. पंतप्रधान व्हा, पायलट व्हा, रील्स बनवा, काय करायचं ते करा, पण आठवड्यातून एकदा घरातला संडास स्वतः घासा. मुलग्यांनी तर नक्कीच. तो घासणारा माणूस त्यात काहीबाही टाकत नाही, ॲसिडची अख्खी बाटली ओतत नाही, आणि किती पाणी ओतलं याकडे त्याचं आपोआप लक्ष जातं. पर्यावरण तिथून सुरू होतं. आणि अर्धा तास खाली वाकून आपलीच घाण बघितली की मी कोण मोठा, हे जरा कमी होतं. ध्यानाला बसल्यावर आणखी काय व्हायला हवं असतं? डोळे मिटून बसणाऱ्यांना माझा विरोध नाही. मीसुद्धा बसते. मला झोप लागते, तो भाग वेगळा.

सरांनी सांगितलंय, कंपोस्टचं शास्त्रही सांगा. सांगते, थोडक्यात. ओला कचरा नुसता डब्यात कोंबला तर त्याला हवा मिळत नाही, तो सडतो, घाण वास येतो, आणि कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात असं सडताना मिथेन तयार होतो. त्याच ओल्या कचऱ्यात दुप्पट-तिप्पट सुका पाला मिसळा आणि अधूनमधून खालीवर करा. जंतूंना हवा मिळते, ढीग आतून हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि काही आठवड्यांनी मातीचा वास येऊ लागतो. बाकी कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण वगैरे विज्ञानाच्या बाईंना विचारा, त्या माझ्यापेक्षा बरं शिकवतात.

पण मुख्याध्यापक सर, आता इथवर आलोच आहोत तर बोलते. मघाशी येताना मागच्या फणसाखाली पातेरा, म्हणजे वाळका पाला, पेटवलेला दिसला. तो जाळू नका. खत करायला निघालेल्या माणसाला पातेऱ्यासारखं सोनं नाही. शाळेच्या पोषण आहारातलं उरलेलं आणि हा पातेरा, दोन्ही एका खड्ड्यात गेले तर तुमच्या परसबागेला खताची गोणी विकत आणावी लागणार नाही.

आणि भजनी मंडळाची मंडळी दिसतायत मागे, त्यांनाही एक प्रेमाची तक्रार. भजनाची डबलबारी रात्रभर रंगते, मीही कान देऊन ऐकते. सकाळी मात्र देवळासमोर चहाच्या कपांचा सडा असतो. विठ्ठलाचं नाव घेतलं, पण ते कप उचलणार कोण? गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. तेवढा क्रम आपणही पाळावा. सणांचंही तेच. गणेशचतुर्थीला गणपतीवर टांगतो ती आपली माटवी बघा. आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचं शिपटं, कवंडळं, तेरडा. उत्सव संपला की खाण्यासारखं खाल्लं जायचं आणि बाकीचं मातीत जायचं. कचरा म्हणून काही उरतच नसे. आता माटवीला प्लॅस्टिकची सफरचंदं लटकतात. आपल्या आज्यांनी 'पर्यावरण' हा विषय घेऊन परीक्षा दिली नव्हती, तरी त्यांचं सगळं बरोबर होतं.

सरांनी घड्याळ दाखवलं. तेही दुसऱ्यांदा. आवरते.

बक्षिसं मिळतील त्यांचं अभिनंदन. मला या शाळेत कधी बक्षीस मिळालं नाही, थेट प्रमुख पाहुणी झाले, तेव्हा बाकीच्यांनीही धीर सोडू नये. पालकांनो, उद्या रविवार आहे. मुलगा ब्रश आणि बादली मागेल. 'राहू दे रे, मी करते' असं कुठल्याही आईनं म्हणायचं नाही. बाबांनीही पेपरात तोंड लपवायचं नाही. आणि सचिव महोदय, तुम्ही अजून गंभीरच आहात. शाळेच्या संडासांची पाळी लावाल तेव्हा शिक्षक, विद्यार्थी, पदाधिकारी अशी सगळ्यांची लावा. पहिलं नाव तुमचं घाला, दुसरं माझं. तारीख कळवा, मी येते. पाणी मात्र या वेळी वाटेत सांडू नका.