चान्यांचं पान



आज खाण्यावर बोलणार आहे. हसू नका. मराठी जेवण म्हटलं की पुरणपोळी, थालीपीठ, अळूचं फतफतं. हे कुणी ठरवलं? कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, घराघरात गेलं. बाईंशी माझं भांडण नाही. पण त्यात चान्यांचं पान नाही. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर शाहू पाटोळे यांनी २०१५ साली पुस्तक काढलं, ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. नावातच पूर्णब्रह्माला टाचणी! त्याच साली सरकारनं बैल कापायला बंदी घातली.

चान्या म्हणजे काय, पोरांना ठाऊक नसेल. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, दोरीवर उन्हात वाळवायच्या, भरून ठेवायच्या. भूक लागली की निखाऱ्यावर भाजायच्या. तेल परवडायचं नाही, चरबी वितळवून वापरायची. गावात ढोर मेलं की ओढायचं काम आमच्याच गळ्यात. मजुरी काय, तर तेच मांस. एका दिवशी ढीगभर, मग महिनाभर काही नाही. म्हणून वाळवण. आवड वगैरे नंतरची गोष्ट.

आता आपल्यातलेच साहेब झालेले लोक बोलतात, बाबासाहेबांनी १९२७ला महाडात मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, मग ही घाण कशाला उकरता? अरे, सोडायला सांगितलं, ते त्या मांसाबरोबर येणारी गुलामी तुटावी म्हणून. विसरायला कुठं सांगितलं? त्यांनी स्वतः १९४८ला ‘द अनटचेबल्स’मध्ये गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून मांडला. लाज वाटून गप्प बसले असते तर ते पुस्तक झालं असतं का?

गोदीत दुपारी डबे उघडतात तेव्हा बघा. वजडी आणणारा अजून पाठ फिरवून खातो. ती पाठ मला दिसते, म्हणून बोलतोय.

दुसरा धोका हॉटेलवाल्यांचा. उद्या चान्या काचेच्या ताटात येतील, वर कोथिंबीर, किंमत आठशे. ढोर कुणी ओढलं ते मेन्यूवर नसणार. असलं कौतुक आपल्याला नको.

तेव्हा आज्जी जिवंत आहे तोवर तिच्याजवळ बसा. १९७२च्या दुष्काळात चुलीवर काय होतं, कुठनं आणलं, कुणाला किती वाटून दिलं, सगळं विचारा. तिच्या बोलीतच लिहून आणा, शुद्ध करू नका. पुढच्या अंकात छापू.