जुने बलवान की नवे गुणवान?

संसारात मोठ्या खरेदीची वेळ आली म्हणजे एक जुनाच पेच नव्याने उभा राहतो. एके काळी श्रीमंतांच्या घरी मिरवलेली वस्तू आता स्वस्तात मिळते आहे, आणि तिच्या शेजारीच बेताच्या ताकदीची, पण कोरी करकरीत वस्तू मांडलेली आहे. दोहोंपैकी घरी कोणती न्यावी? पितळी भांड्यांच्या बाबतीत घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा निर्णय ठरलेला असे : जुने ते जड आणि जड ते टिकाऊ. संगणकातील ग्राफिक्स कार्डाला हाच निकष लागू पडतो काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

हैदराबादेत दोन-तीन पिढ्या स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. मुलगा ॲनिमेशनचे शिक्षण घेत आहे. दिवसा तो ब्लेंडरवर चित्रे हलती करतो आणि रात्री मित्रांबरोबर खेळ खेळतो. घरचा संगणक सात-आठ वर्षांचा झालेला. वडिलांनी बोनसातून काही रक्कम बाजूला ठेवली आहे. ती एकदाच खर्च व्हायची आहे; निवड चुकली तर पुढच्या दिवाळीपर्यंत दुसरी नाही. पितापुत्रांनी सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये चक्कर मारण्याचे ठरविले आहे. मुलाचे मन जीटीएक्स १०८० टीआय या वापरलेल्या कार्डावर जडले आहे. वडिलांना पावती आणि हमी असलेले नवे आरटीएक्स ४०६० बरे वाटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

प्रथम दोघांची कुळकथा पाहू. १०८० टीआय हे कार्ड मार्च २०१७ मध्ये ६९९ डॉलर किमतीला बाजारात आले. खेळांसाठी घेतल्या जाणाऱ्या कार्डांत त्याचे स्थान त्या काळी अगदी वरचे होते. त्याची मेमरी ११ जीबी, आणि त्या मेमरीतून दर सेकंदाला ४८४ जीबी माहिती वाहून नेण्याची त्याची क्षमता. ४०६० हे जून २०२३ मध्ये आले. किंमत २९९ डॉलर, मेमरी ८ जीबी, वहनक्षमता २७२ जीबी. कागदावरचे हे आकडे पाहिले की कोणीही जुन्याच्याच गळ्यात माळ घालील.

परंतु प्रत्यक्ष खेळात ४०६० मागे पडत नाही. बहुधा ते बरोबरीने चालते किंवा थोडे पुढेच असते. हे कसे घडते? जुन्या कार्डाची मुख्य चिप ४७१ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाची, तर नव्याची अवघी १५९. तरीही जुन्या चिपमध्ये सुमारे १२ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत आणि नव्या चिमुकलीत जवळजवळ १९ अब्ज. शिवाय नव्या चिपच्या पोटातच २४ एमबीची जलद साठवण आहे. जुनीत ती तीन एमबीपेक्षाही कमी होती. ज्या गृहिणीच्या हाताशी भरलेले फडताळ आहे, तिला घडोघडी कोठाराकडे धावावे लागत नाही. कोठाराची वाट अरुंद असली तरी तिचा स्वयंपाक अडत नाही, तो याच कारणाने.

दुसरा भेद ताकदीचा नसून अंगच्या गुणांचा आहे. प्रकाशकिरण कोठून निघाला, कशावर आदळला आणि कोठे परावर्तित झाला, याचा मागोवा घेऊन चित्र रेखाटण्याच्या पद्धतीस रे ट्रेसिंग म्हणतात. या गणितासाठी ४०६० मध्ये स्वतंत्र विभाग आहेत. १०८० टीआयमध्ये ते नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ या खेळांनी असे विभाग असलेले कार्ड आवश्यकच ठरविले. ब्लेंडरचे सायकल्स हे चित्रांकनाचे यंत्रही या विभागांचा उपयोग करून घेते, आणि विद्यार्थ्याचे तासच्या तास वाचतात. कमी बिंदूंचे चित्र घेऊन ते मोठ्या चित्राइतके रेखीव करणारे डीएलएसएस हे तंत्रही जुन्या कार्डाला लाभलेले नाही.

तिसरी गोष्ट आयुर्मर्यादेची. कार्ड धडधाकट असले तरी ते चालविणारे ड्रायव्हर नव्या खेळांशी जुळवून घेत राहावे लागतात. १०८० टीआयच्या पिढीसाठी हे काम ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळणार आहेत. कार्ड त्यामुळे एका रात्रीत बंद पडत नाही. परंतु नव्या कामात काही अडले तर दाद मागायला जागा उरत नाही.

विजेचाही हिशेब मांडला पाहिजे. जुन्याची भूक २५० वॅटची, नव्याची ११५. दोन्ही कार्डे रोज चार तास पुऱ्या भाराने चालली तर वर्षाकाठी सुमारे १९७ युनिटांचा फरक पडतो. युनिटला ८ रुपये धरले तर दीड हजारांहून अधिक रुपये होतात. त्यातच जुन्या कार्डासाठी अधिक शक्तीचा वीजपुरवठा घ्यावा लागला, तर स्वस्ताईतला बराच भाग तेथेच खर्ची पडतो. वापरलेल्या मालाचा पूर्वेतिहासही अज्ञात असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि तोवर त्या चलनाच्या खाणकामात अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. म्हणून पंख्याचा आवाज ऐकल्याखेरीज आणि अर्धा तास तरी पुऱ्या भाराने चालवून पाहिल्याखेरीज असे कार्ड घेऊ नये.

येथवर पारडे नव्याच्या बाजूने झुकले. तथापि मुलाचा आग्रह निव्वळ हट्ट नव्हे. ब्लेंडरमधील मोठे दृश्य मेमरीत मावले नाही तर काम मंदावते किंवा अडते. तेथे ८ जीबी अपुरी पडते आणि ११ जीबी तारून नेते. मे २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० मध्येही मेमरी ८ जीबीच ठेवलेली आहे. आणखी असे की, ४०६० हे मदरबोर्डाशी आठच मार्गिकांनी बोलते. घरचा बोर्ड जुन्या, तिसऱ्या पिढीच्या जोडणीचा असेल तर प्रत्येक मार्गिकेचा वेगही निम्म्यावर येतो, आणि मेमरी भरली की ही उणीव विशेष जाणवते. जुन्या कार्डाच्या मार्गिका सोळा आहेत.

तेव्हा ‘जुने की नवे’ हा प्रश्नच थोडा बदलून विचारावा लागेल. कार्डाचे वय वर्षांनी मोजू नये. आजच्या कामाला लागणारे गुण त्याच्या अंगी आहेत की नाहीत, यावरून मोजावे. सप्टेंबर २०२० मधील आरटीएक्स ३०८० हेही जुने आणि उच्च प्रतीचेच कार्ड. पण किरणांचा मागोवा घेणारे विभाग त्यात आहेत, आणि ३२० वॅट पुरविण्याची सोय असेल तर ते ४०६० ला सहज मागे टाकते. येथे अंतर एकाच पिढीचे आहे. १०८० टीआय आणि ४०६० यांच्यामध्ये तीन पिढ्यांचे अंतर पडले आहे, आणि गुणांची दरी तेवढ्यात पडली.

त्या पितापुत्रांना मधला मार्गही उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० ची मूळ आवृत्ती १२ जीबी मेमरीची, १७० वॅटची आणि सोळा मार्गिकांची आहे. रे ट्रेसिंगचे विभागही तीत आहेत. खेळात ती ४०६० हून थोडी मंद, परंतु मोठ्या दृश्यांच्या कामी अधिक समर्थ. पावतीसह चांगल्या स्थितीत ती मिळाली तर मुलाची मेमरी साधते आणि वडिलांची धास्तीही मिटते. ती न मिळाल्यास वडिलांचे ऐकून नवे घ्यावे, आणि मुलाने आपली दृश्ये ८ जीबीत बसविण्याची शिस्त अंगी बाणवावी; त्या शिस्तीचा त्याला पुढे उपयोगच होईल.

ज्याच्या घरी १०८० टीआय आधीच आहे, त्याने मात्र ते घाईने मोडीत काढू नये. नेहमीच्या खेळांना ते अजून पुरेसे आहे. घरातल्या म्हाताऱ्या बैलाला कोणी हाकलून देत नाही. परंतु पेरणी तोंडावर आली असता बाजारातून नेमका म्हातारा बैल कोणी विकतही आणीत नाही.