कायद्यातील किरकोळ दुरुस्ती

कायद्याच्या कलमात एखाद्या शब्दाची भर घालणारे विधेयक मांडले गेले म्हणजे विधिमंडळाची प्रेक्षक-सज्जा ओस पडते आणि वार्ताहरही लेखणी खाली ठेवतो. तथापि अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात व्यापारातील लबाडीला आळा घालणारा जो कायदा आहे, त्याचा इतिहास पाहता नागवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाची फिर्याद टिकते की फेटाळली जाते, हे बहुधा अशाच दुरुस्त्यांनी ठरविलेले आढळते.

बेकायदेशीर, अनुचित अथवा कपटपूर्ण व्यापारी प्रथेला या कायद्याने मनाई केली होती. प्रथा म्हटली म्हणजे वर्तनाची पुनरावृत्ती हवी, असा अर्थ तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली लावला. तेव्हा १९९२ मध्ये विधिमंडळाने प्रथेच्या जोडीला ‘कृत्य’ हा एवढासा शब्द घातला, आणि एकदाच केलेले कपटही मनाईच्या कक्षेत आले.

दुसरी दुरुस्ती मात्र उलट दिशेची. स्वतःला तोशीस लागलेली नसतानाही सार्वजनिक हितासाठी कोणीही दावा लावावा, अशी जी उदार मुभा होती, तिचा लाभ घेऊन काही वकिलांनी मोटारदुरुस्तीच्या लहानसहान कारखानदारांवर क्षुल्लक कारणांवरून दावे गुदरले आणि तडजोडीपोटी रकमा मागितल्या. (कायद्यातील पळवाट प्रथम शोधतो तो पुष्कळदा कायद्याचाच जाणकार!) नोव्हेंबर २००४ मध्ये मतदारांनी थेट कौल देऊन अशी अट घातली की, खाजगी वादीने त्या लबाडीपायी स्वतःचा पैसा अथवा मालमत्ता गमावलेली असली पाहिजे. उपद्रव थांबविणे अवश्य होते. पण गमावणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या अटीने खुला ठेवला, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच होती.

तो प्रश्न क्विकसेट या कुलूप-कंपनीवरील दाव्यात पुढे आला. तिच्या कुलपांवर अमेरिकेत बनविल्याची छाप होती. प्रत्यक्षात काहींचे स्क्रू व खिळ्या तैवानच्या, तर काहींच्या भागांची जुळणी मेक्सिकोत झालेली. अपील न्यायालयाने म्हटले, कुलूप तर हाती पडले, मग हानी कसली? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय फिरविला: ती छाप खरी मानून ज्याने कुलूप घेतले, आणि ती नसती तर घेतले नसते, त्याने मोजलेला पैसा हीच त्याची हानी होय, आणि एवढ्यावर त्याला दावा चालविता येतो.