रक्तमोजणीचे यंत्र आणि हिवतापाचा माग



वैद्यकाचा विषय घेऊन व्याख्यानास उभे राहिले की एक धास्ती असते. निम्मे श्रोते घरी जाताना तोच रोग आपल्याला झाला आहे असे समजून जातात. म्हणून आरंभीच सांगतो की, आज मी रोगाविषयी थोडे आणि रोगाच्या मागाविषयी अधिक बोलणार आहे.

घरात कोणाला ताप आला आणि तो दोनतीन दिवसांत उतरला नाही, म्हणजे डॉक्टर चिठ्ठीवर सी. बी. सी. ही तीन अक्षरे लिहितात. प्रयोगशाळेत दंडातून थोडे रक्त काढतात. यंत्र ते ओढून घेते आणि मिनिटभरात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट यांचे आकडे समोर ठेवते. हे यंत्र हिवताप शोधण्यासाठी बनवलेले नाही. तरीही ते कधी कधी त्याची चाहूल देते. ती कशी देते आणि तिच्यावर किती विसंबावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो आणि तेथील हिमोग्लोबिन खातो. त्यातील लोहयुक्त भाग त्याला विषासारखा असतो. तो भाग पचवता येत नाही म्हणून जंतू त्याचे बारीक काळपट स्फटिक करून ठेवतो. चोराने घरात शिरून पोटभर जेवावे आणि उष्टी पत्रावळ तशीच टाकून जावे, तसा हा प्रकार आहे. या पत्रावळीनेच चोर वारंवार पकडून दिला आहे. 1880 साली अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रुग्णाच्या रक्तात जंतू दिसला, तो या काळ्या कणांचा पाठपुरावा करताना. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात काही गोल पेशी पाहिल्या. त्या हिवतापाच्याच, हे त्यांनी ताडले तेही आतल्या काळ्या कणांवरून.

आता यंत्राकडे वळू. 1953 साली अमेरिकेत वॉलेस कूल्टर यांना रक्तपेशी मोजण्याच्या एका युक्तीचे पेटंट मिळाले. पातळ केलेले रक्त एका सूक्ष्म छिद्रातून जाऊ द्यावयाचे आणि त्याच छिद्रातून विजेचा प्रवाह सोडावयाचा. पेशी छिद्रातून गेली की प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. अडथळे मोजले की पेशींची संख्या कळते, आणि अडथळा केवढा यावरून पेशीचा आकार कळतो. पुढे या कामी लेसरचा प्रकाश आला. काही यंत्रे, पेशीवर पडलेल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलते का, हे पाहून पांढऱ्या पेशींचा एक विशिष्ट प्रकार ओळखतात. हिवतापाच्या रुग्णात पांढऱ्या पेशींनी ते काळे स्फटिक गिळलेले असतात, आणि स्फटिकही प्रकाशाची दिशा बदलतात. मग यंत्राच्या आलेखावर नको त्या जागी ठिपके उमटतात. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी 1999 साली हे ठिपके हिवतापाची खूण म्हणून मांडले. लाव्हरांच्या डोळ्याला दिसलेली पत्रावळ आता लेसरलाही दिसू लागली!

कोणी विचारील, सूक्ष्मदर्शक आहे, झटपट तपासणीच्या पट्ट्या आहेत, मग ही उठाठेव कशाला? उत्तर असे की, त्या तपासण्या कोणीतरी सांगाव्या लागतात, आणि सांगणाऱ्याच्या मनात आधी संशय यावा लागतो. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हा ताप येई आणि आठ लाख दगावत. 1965 च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखावर आली. आपण निर्धास्त झालो, आणि 1976 साली ती 64 लाखांवर गेली. रोग कमी झाला की त्याचा संशयही कमी होतो, हा त्यातला धडा आहे. आज रुग्ण पुन्हा पुष्कळ घटले आहेत आणि 2030 पर्यंत हिवताप हद्दपार करावयाचा आपला संकल्प आहे. म्हणजे धोकाही तोच आहे.

समजा, पावसाळ्यात एका तरुणाला ताप आला. प्लेटलेट दीड लाखाच्या बऱ्याच खाली गेल्या. सर्वांच्या तोंडी एकच शब्द येतो, डेंगू. पण प्लेटलेट हिवतापातही उतरतात. त्यातून फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप असेल, तर थोड्या दिवसांत तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, पण नाव कळल्याखेरीज ते द्यावयाचे कोणाला? अशा वेळी, कोणी न विचारताही यंत्राने केलेली खूण त्या तरुणाचा जीव वाचवू शकते.

मात्र यंत्राची खूण म्हणजे निदान नव्हे. सर्वच यंत्रांना ही खूण करता येत नाही. ताप नुकताच आला असेल तर पांढऱ्या पेशींनी स्फटिक गिळलेलेच नसतात आणि यंत्र गप्प राहते. उलट, रोग बरा झाल्यावरही काही दिवस स्फटिक पेशींत उरतात आणि यंत्र उगाच ओरडते. हिशेबही पाहा : रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरात, पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. त्यांत जंतू हजार असले, तर पाच हजार पेशींमागे एकच बाधित पेशी! ती शोधावयाची तर काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा सवयीचा माणूस लागतो. अलीकडे बाधित पेशी थेट मोजणारी खास यंत्रेही निघाली आहेत, पण गावोगावच्या प्रयोगशाळेत अजून काचपट्टीचाच आधार आहे.

तेव्हा आपण नागरिकांनी एवढे करावे. ताप रेंगाळला आणि सी. बी. सी.चा कागद हाती आला, तर आकडे वाचून घाबरू नये आणि आकडे बरे दिसले म्हणून निश्चिंतही होऊ नये. नम्रपणे एक प्रश्न विचारावा : "डॉक्टरसाहेब, हिवतापासाठी रक्त पाहिले का?" या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. यंत्र सुचवील, माणूस पाहील. पण विचारावयाचे काम आपले आहे.