शहराचे तळे आणि आपले ओलित

(यवतमाळ येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



शेतकऱ्यांच्या मेळाव्यात शहरातील झाडे, नाले व तळी हा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. "शहराचे शहराने पाहावे," असे एका काकांनी मघाशी बोलूनही दाखविले. पण काका, यवतमाळची तहान आता आपल्या बांधापर्यंत आली आहे.

२०१७ साली पाऊस कमी झाला. शहराला पाणी देणारी निळोणा व चापडोह ही धरणे भरली नाहीत आणि २०१८ च्या उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येऊ लागले. लोक टँकरमागे धावले. शहरासाठी बेंबळा धरणातून पाणी आणण्याची योजना अमृत अभियानात घेण्यात आली. बेंबळा हा मुळात सिंचनाचा प्रकल्प. पिण्याच्या पाण्याला पहिला मान, याबद्दल वाद नाही. परंतु शहरात वाया जाणारे पाणी कोणाच्या तरी हरभऱ्याच्या ओलितातून वजा होते.

याच शहरात २२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टी होऊन वस्त्यांत पाणी शिरले. जेथे पाणी मुरत नाही, तेथे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टँकर, असा दुहेरी खर्च येतो.

आता हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरचे छत आणि वर्षाचा ९०० मिमी पाऊस धरला, तर ८३,७०० लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ६७,००० लिटर उरतात. पाच हजार लिटरचे तेरा टँकर! मुरविलेले सगळेच पाणी आपल्या विहिरीत येत नाही. निम्मे हाती लागले तरी सहा टँकर वाचले. आपल्या गल्लीतील टँकरचा भाव लावून पाहावा. मात्र शोषखड्डा काळ्या मातीतच संपवू नये. ही माती ओली झाली की फुगते व पाणी खाली जाऊ देत नाही. खड्डा मुरमापर्यंत न्यावा आणि घराच्या पायापासून दूर ठेवावा.

तळ्याचा हिशेब निराळा. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला ८ मिमी वाफ होते असे धरले, तर एक हेक्टरच्या तळ्यातून रोज ८०,००० लिटर पाणी उडते. तळे खोल असो वा उथळ, पृष्ठभाग तेवढाच, म्हणून तूटही तेवढीच. गाळ काढल्याने साठा वाढतो, वाफ वाढत नाही. तो गाळ हलक्या, मुरमाड रानात टाकल्यास ओल धरून राहते. भारी काळ्या रानात टाकून मात्र उपयोग नाही. वाहतुकीचे पैसे अंगावर येतात. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना याच विचारावर चालली.

झाडांबद्दल एवढेच सांगतो की, कडुनिंब व करंज आपल्या उन्हाला टिकतात. नाल्याकाठी लावल्यास सावली मिळते आणि काठ ढासळत नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरापुढे १९९० च्या दशकात पाणी गाळण्याचा काही अब्ज डॉलरचा प्रकल्प उभारण्याची वेळ आली होती. शहराने त्याऐवजी दूरच्या कॅट्सकिल डोंगरांतील पाणलोट सांभाळण्याचे ठरविले; १९९७ मध्ये तसा करार झाला. तेथील शेतकऱ्यांना शेणखताची साठवण आणि ओढ्यात गुरे जाऊ नयेत म्हणून कुंपण, यांसाठी शहराने पैसा दिला. हा दानधर्म नव्हता. शहराला तेच स्वस्त पडले.

निळोण्याच्या पाणलोटात ज्यांची शेती आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे. उताराला आडवी पेरणी केली व बांधावर गवत राखले, तर आपली माती धरणात जात नाही आणि शहराचा गाळ काढण्याचा खर्च वाचतो. त्या बचतीतून बांधबंदिस्तीला वाटा मिळावा, असा ठराव आपल्या ग्रामसभेने करून नगर परिषदेकडे पाठवावा. ठरावाबरोबर शेतांचे गट क्रमांक व उतार दाखविणारा साधा नकाशा जोडावा. तो काढण्यास मी व माझे विद्यार्थी येऊ.